रविवारी संध्याकाळी मेस बंद: एका वर्गाने भुकेचा अभ्यास कसा केला

मी पुण्यात, पेठेतल्या एका कॉलेजमध्ये अर्थशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी एस.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट द्यायचा होता, मी विषय घेतला अन्न असुरक्षितता. पहिल्या तासाला तो शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, हे ऐकून डोळ्यासमोर काय येतं, तर सोमालिया आलं, मेळघाट आलं, सिग्नलवरची मुलं आली, लग्नात वाया जाणारं जेवण आलं. आपल्या गल्लीतलं कोणीच काही सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा काही सुचलं नसतं. मी इतकी वर्षं याच भागात शिकवतेय, रोज त्याच मेसच्या पाट्यांखालून जाते.

हा विषय मी दरवर्षी शिकवते तसा शिकवायचा नव्हता. १९९६ च्या जागतिक अन्न परिषदेची व्याख्या, तिचे चार पाय म्हणजे अन्न उपलब्ध असणं, ते आपल्या हाताला लागणं, शरीराला त्याचा उपयोग होणं आणि हे सगळं कायम टिकणं, एवढं मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मार्क मिळतात आणि संपलं. म्हणून या वेळी डिझाईन थिंकिंगची पद्धत घ्यायची ठरवली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डी-स्कूलमुळे ती जगभर शिकवली जाते. पायऱ्या पाच: माणसाला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, सुचेल ते सुचवा, कच्चा नमुना करा, तो वापरून बघा. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या पायरीवरच आम्ही तीन आठवडे अडकलो आणि आता मागे वळून बघताना वाटतं की सगळा अभ्यास तिथेच झाला.

पहिली चूक माझी. मुलांना अनुभव यावा म्हणून मी सांगितलं की गुरुवारी सगळ्यांनी दिवसभर काही खायचं नाही आणि दर तासाला काय वाटतं ते वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या, डोकं दुखलं, चिडचिड झाली, लक्ष लागलं नाही वगैरे. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, धाराशिवकडची, टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हा उपास झाला. उपासाला संध्याकाळी खिचडी आहे हे माहीत असतं. उपाशी माणसाला संध्याकाळचं माहीत नसतं." एवढंच बोलून गेली. मी त्या वह्या तपासल्याच नाहीत, परत देऊन टाकल्या आणि वर्गात सांगितलं की मी चुकीचं काम दिलं होतं.

मग दुसरं काम दिलं. घरी फोन लावा, आजी-आजोबा किंवा गावातलं कोणी म्हातारं माणूस असेल त्यांना विचारा, ७२ च्या दुष्काळात काय खाल्लं. हे मात्र भरभरून आलं. लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापताना मोडायची ते आलं, दुष्काळी कामावर वाटलेलं सुकडी नावाचं कोरडं खाणं आलं, खडी फोडून हाताला आलेले फोड आले. एका आजीने नातवाला सांगितलं की सुकडी सगळ्यांनाच मिळायची, पाटलाची सून पण ओळीत असायची, म्हणून कोणाला काही वाटायचं नाही. हे वाक्य तेव्हा नुसतं वहीत राहिलं, पुढे तेच कामाला आलं.

त्यावरून अर्थशास्त्रही आपोआप शिकवून झालं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांचं म्हणणं असं की अन्न पार संपलं होतं असं नाही, ते विकत घ्यायची ताकद माणसांच्या हातातून गेली होती. आपल्याकडे ७२-७३ ला पीक पार बुडालं, पण दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं होती, हातात मजुरी होती, म्हणून बंगालसारखं झालं नाही. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ ला आला. हे मी एरवी दोन तास शिकवते तरी डोळे मिटत असतात, या वेळी मुलं आपल्या आजीचा दुष्काळ त्यात शोधत होती.

मग आम्ही मुलाखतींना गेलो आणि तिथे सपशेल आपटलो. पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत चार गट गेले, हातात छापील प्रश्न, कोणी मोबाईलवर रेकॉर्डिंग करतंय, कोणी घराचा फोटो घेतंय. "तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता?" असं तोंडावर विचारल्यावर कोण खरं सांगणार? एका ताईंनी मुलांना बसायला दिलं, चहा दिला आणि विचारलं, "तुमचं जेवण झालं का?" मुलं म्हणाली हो. मुलाखत घेणारे आपण आणि त्याच आपली चौकशी करतायत हे एका मुलीने वहीत लिहून ठेवलं होतं, बाकी कोणाच्या लक्षात पण आलं नाही. मी ते काम थांबवलं. मार्कांसाठी लोकांच्या घरात शिरून त्यांच्या डब्यात डोकवायचं, त्यातून त्यांना काहीच मिळणार नाही, हे मला पटेना.

आता पुढे काय हे मलाच कळत नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची एक प्रश्नावली आहे, आठ प्रश्नांची, जगभर अन्न असुरक्षितता मोजायला वापरतात. प्रश्न चढत जातात. पहिला, पैसे नसल्यामुळे पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का, मग चांगलंचुंगलं खाता आलं नाही का, तेच तेच खावं लागलं का, एक वेळचं जेवण सोडावं लागलं का, असं करत आठवा प्रश्न, अख्खा दिवस न खाता काढला का. मुलांनी त्याचं बोलीभाषेत मराठी केलं आणि भाषा नीट झालीय का बघायला मी म्हटलं सगळ्यांनी स्वतःच भरून बघा, नाव लिहू नका, घडी घालून खोक्यात टाका. मला खरंच फक्त भाषा तपासायची होती.

रात्री घरी कागद उघडले. अकरा कागदांवर चौथ्या प्रश्नाला, म्हणजे जेवण सोडावं लागलं का याला, हो होतं. तीन कागदांवर आठव्यालाही. एकाने खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "दर रविवारी".

मी ते कागद कोणाचे हे शोधायचं नाही असं त्याच रात्री ठरवलं. अक्षर ओळखू येत होतं दोन-तीन जणांचं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आकडाही सांगितला नाही, एवढंच म्हटलं की आपला प्रोजेक्ट आता वस्तीत नाही, याच पेठेत करायचा, गावाहून शिकायला आलेली मुलं-मुली काय आणि कसं खातात यावर. आणि मुलाखतीचा नियम बदलला, कागद नाही, रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, "किती वेळा जेवता" तर नाहीच. फक्त एकच विनंती करायची, "कालचा दिवस सकाळपासून सांग ना."

याने सगळं उघडलं. सदाशिव पेठ, नारायण पेठ इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहणारी, अभ्यासिकेत बसणारी, एमपीएससी करणारी, आमच्याच कॉलेजातली मुलं बोलायला लागली, कारण कालचा दिवस सांगायला लाज वाटत नाही. डब्याच्या गोष्टी आल्या. एक डबा, चार चपात्या, एक सुकी भाजी, एक पातळ, वरण, भात, आणि त्यात दोघं. एक जण दुपारी चपात्या आणि सुकी भाजी खातो, दुसरा क्लासहून रात्री आल्यावर गार वरण-भात खातो, दुसऱ्या दिवशी पाळी उलट. महिन्याचे तीन हजारांच्या आसपास लागतात ते अर्धे अर्धे.

एम्पथी मॅप म्हणून एक तक्ता असतो, कागदाचे चार भाग करायचे, माणूस काय बोलतो, काय करतो, मनात काय चाललंय, आणि त्याला काय वाटतं. एका गटाने आमच्याच वर्गातल्या बीडच्या एका मुलाचा तक्ता भरला. बोलतो मध्ये लिहिलं, "मेसचं खाऊन कंटाळा येतो म्हणून रविवारी रात्री चहा-क्रीमरोलच बरा वाटतो." करतो मध्ये लिहिलं, "रविवारी दुपारी शेवटच्या दोन चपात्या ताटातून उचलून पेपरात गुंडाळल्या, पेपर सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवला, आणि कप्प्याची चेन दोनदा ओढून बघितली." ज्या मुलीने हे बघितलं ती त्याच्याच टेबलावर होती. म्हणाली, पेपराला तेलाचा डाग पडून आरपार दिसत होतं आणि तो ती बाजू आत वळवत होता. त्या दोन चौकोनांमध्ये जे अंतर आहे, तो बोलतो एक आणि करतो दुसरं, तिथेच प्रश्न होता. कंटाळा आलेला माणूस चपात्या लपवून नेत नाही.

पुण्यात मेसमध्ये जेवलेल्या कोणालाही हे माहीत असेल. रविवारी दुपारी फीस्ट, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. आमच्या मुलांनी एका मेसची पाटी जशीच्या तशी उतरवून आणली: "रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील. पार्सल मिळणार नाही. खाडे धरले जाणार नाहीत." तीन ओळी. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ, आणि खाडे धरत नाहीत म्हणजे तिचे पैसे वजा होत नाहीत. आम्ही फळ्यावर रविवार दुपारी दोनपासून सोमवार सकाळी अकरापर्यंत एक आडवी रेघ मारली, एकवीस तास, आणि या एकवीस तासांत कोण कोण मदतीला येतं ते लिहायला लागलो.

रेशन? प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, १ जानेवारी २०२३ पासून फुकट, आणि वन नेशन वन रेशन कार्डमुळे गावाचं कार्ड असलं तरी इथे अंगठा लावून आपला हिस्सा उचलता येतो. पण तो हिस्सा गावी घरचे उचलतात, त्यांनाही तो लागतोच. आणि समजा इथे मिळाला, तर कॉट बेसिसच्या खोलीत पाच किलो गहू-तांदळाचं करणार काय, शेगडी लावायलाच बंदी असते. शिवभोजन थाळी? २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, पण ती दुपारची. स्वाधार योजना? अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० जेवणाचे, म्हणजे महिन्याला अडीच हजाराच्या थोडं वर. पण पैसे खात्यावर टप्प्याटप्प्याने येतात आणि मेसवाले १ तारखेला अ‍ॅडव्हान्स मागतात. एक मुलगा म्हणाला, "शाळेत आठवीपर्यंत खिचडी होती मॅडम, नववीला गेलो आणि डबा न्यायला लागला, तेव्हापासून हे चालूच आहे." शाळेचा पोषण आहार आठवीलाच संपतो हे मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत त्याचा असा अर्थ मी कधी लावला नव्हता.

व्याख्येचे चार पाय तेव्हा मुलांनी स्वतःच फळ्यावर दाखवले. गहू आहे पण शेगडी नाही, हा उपयोगाचा पाय. दुपार आहे पण रात्र नाही, हा टिकण्याचा. मी काही बोलले नाही, खडू त्यांच्याच हातात होता.

प्रश्न मांडायला दोन तास गेले. सुरुवातीला मुलांचं वाक्य होतं, "गरीब विद्यार्थ्यांना मोफत जेवण कसं देता येईल?" शेवटी जे ठरलं ते असं: "रविवारी रात्री, कोणाला काही सांगावं न लागता, पोटभर खायला कसं मिळेल?" यातला "कोणाला काही सांगावं न लागता" हा तुकडा त्या धाराशिवच्या मुलीने घालायला लावला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टची किंमत त्या तुकड्यात आहे.

सुचवण्याचा टप्पा मी पटकन सांगते. अ‍ॅप करू असं पाच गटांनी म्हटलं, ते बाजूला ठेवलं, कारण अ‍ॅप पोळ्या लाटत नाही. कॉलेजच्या गेटजवळ सार्वजनिक फ्रीज ठेवू, हे पण आलं. त्यावर वर्गानेच विचारलं, चौकात उभं राहून तो फ्रीज तू उघडशील का? कोणी हो म्हणालं नाही.

पहिला नमुना तरी फसलाच. कॉलेजात एक वही ठेवली, ज्याला हवं त्याने नाव लिहून रविवारचं कूपन न्यायचं, पैसे आम्ही शिक्षकांनी काढले होते. आठ दिवस वही कोरी. अकरा जणांना गरज आहे हे मला माहीत होतं, आणि वही कोरी. मदत होती, पण ती घेण्याआधी स्वतःला गरजू म्हणून लिहून द्यावं लागत होतं. वर्गाला मी सांगितलं की नमुना फसला म्हणजे आपल्याला कमी मार्क नाहीत, तो का फसला ते लिहा.

त्याच आठवड्यात एक गट हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या कष्टाची भाकर या जेवणाच्या केंद्रावर जेवून आला. बाबा आढावांनी उभं केलेलं काम, १९७४ पासून ना नफा ना तोटा तत्त्वावर चाललंय. मुलांनी तिथलं एकच निरीक्षण आणलं: हमाल, रिक्षावाले, ऑफिसातले, आम्ही, सगळे एकाच ओळीत, सगळे पैसे देऊन खातात, कोण गरजू हे कळायला मार्गच नाही. मग कोणीतरी वहीची पानं मागे उलटली आणि ती सुकडीची ओळ वाचून दाखवली, पाटलाची सून पण ओळीत असायची.

तिथून दुसरा नमुना निघाला. रविवारचं पार्सल सगळ्यांनाच द्यायचं. मागायचं नाही, दुपारी जेवून निघताना प्रत्येकाच्या हातात पडलं पाहिजे, ज्याला नको त्याने दारातल्या डब्यात ठेवून जावं, ज्याला जास्त हवं त्याने तिथून उचलावं.

याला पैसे कुठून? खाड्यांतून, असं मुलांचं म्हणणं. शनिवार-रविवार गावी जाणारी मुलं असतात, त्यांचे खाडे धरत नाहीत, म्हणजे पैसे भरलेत पण जेवण झालं नाही. मी आणि दोन मुलं एका मेसच्या काकूंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, खाडा म्हणजेच आमची कमाई हो. सगळे सगळे दिवस जेवले तर माझा गॅस पण सुटत नाही." परातीत कणीक होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, शनिवारी मी एवढीच मळते, अंदाज असतो मला. मुलं गप्प झाली. मेसवाले खाडे धरत नाहीत म्हणून आम्ही त्यांना मनातल्या मनात लबाड ठरवून गेलो होतो आणि त्यांच्या बाजूने एम्पथी मॅप भरायचा कोणालाच सुचलं नव्हतं. बाहेर येऊन पायरीवर बसूनच तो भरला.

पुन्हा गेलो तेव्हा विचारून गेलो, तुम्हाला काय परवडेल? काकू म्हणाल्या, कोण गावी जाणार ते गुरुवारी रात्रीपर्यंत नक्की कळलं तर भाजी कमी आणता येईल, त्यात रविवारी माणशी दोन चपात्या आणि सुकी भाजी बसेल, भात-वरण नाही. मुलांनी भिंतीवर एक तक्ता लावला, गावी जाणाऱ्याने गुरुवारपर्यंत फक्त एक काडी मारायची, नाव नाही.

पहिल्या रविवारी बटाट्याची भाजी दिली. पावसाळी दमट हवा, दुपारी बाराची भाजी, खोलीत बंद डब्यात, रात्री नऊला वास यायला लागला, काहींनी फेकली. सोमवारी वर्गात सगळे नाराज. तेव्हा तो बीडचा मुलगा, तीन महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःहून उभा राहिला. म्हणाला, "प्रवासाला नेतो तसं करा ना. धपाटे. दोन दिवस काही होत नाही." काकू साताऱ्याच्या, त्यांना धपाटे जमतील का शंका, मग त्याने तिथेच आईला फोन लावला आणि फोन काकूंच्या हातात दिला. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, थोडं बेसन, लसूण-मिरची, तीळ, ओल्या फडक्यावर थापायचं, पाणी बेतानं घालायचं, आई सांगत होती आणि काकू "हं, हं, आणि ओवा?" करत होत्या. दुसऱ्या रविवारी माणशी तीन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, कागदात. दारातला डबा दुपारी तीनला बघितला तर रिकामा होता. कोणी उचललं ते आम्ही बघितलं नाही, तिथे कोणी उभं राहायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

सहा रविवार हे चाललं. जे जमलं नाही तेही लिहिते. एक डबा दोघांत खाणारे मेसमध्ये येतच नाहीत, त्यांच्यापर्यंत पार्सल पोचलं नाही. महिनाअखेरीला पैसे संपतात ती अडचण तशीच राहिली. आणि मुलींचं जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. त्यांच्या खोल्यांवर संध्याकाळी लवकर गेट बंद, रात्री खाली उतरून काही आणायची सोय नाही, म्हणून घरमालकीण झोपल्यावर पाणी तापवायच्या किटलीत मॅगी. मुलांना "कालचा दिवस सांग" म्हटलं की ते सांगत होते, मुली मात्र रात्रीपाशी येऊन थांबायच्या, "मग झोपले." हा गट मी सुरुवातीलाच वेगळा करायला हवा होता.

मार्क कसे दिले हे बऱ्याच जणांनी विचारलं. पार्सलला मार्क नाहीत, धपाट्यांना नाहीत. वहीत प्रश्नाचं वाक्य किती वेळा बदललं आणि प्रत्येक वेळी कोणाच्या बोलण्यामुळे बदललं, याला सगळ्यात जास्त मार्क. कोणी हे वर्गात करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की ती आठ प्रश्नांची चिठ्ठी आधी आपल्याच वर्गात फिरवा, बिननावाची, आणि ती उघडताना एकटे असा.

शेवटच्या तासाला पुन्हा तोच शब्द फळ्यावर लिहिला. सोमालिया कोणी म्हणालं नाही. एकीने लिहिलं, "संध्याकाळचं माहीत नसणं." ती धाराशिवची नव्हती, कोथरूडची होती, स्वतःच्या घरी राहणारी.

काकूंच्या पाटीवर आता दुसरी ओळ खडूने खोडलीय आणि तिथे "रविवारचं पार्सल घेऊन जाणे" असं लिहिलंय. डिसेंबरात त्यांच्या मुलीचं लग्न आहे, दहा दिवस मेस बंद. मुलं तोपर्यंत शेजारच्या गल्लीतल्या मेसमध्ये विचारून आलीत. तिथले काका म्हणाले, आधी मला तुमचा तो गुरुवारचा तक्ता दाखवा.